‘लडकी बालिग है’ म्हणजे नेमकं काय? भाचीच्या निकाहाबद्दल विचारणाऱ्या मामाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात भाचीचा निकाह ठरलाय. पोरगी १६ वर्षांची, दहावी पास, ‘अकरावीला जायचंय’ म्हणते. मुलगा २४ चा, पुण्यात एसी दुरुस्तीच्या कामाला. काझीसाहेब म्हणतात, ‘लडकी बालिग है, शरीअत में जाइज है, कोर्टने भी माना है.’ घरातल्या बायका म्हणतात, ‘चूप है तो राजी है.’ मामाला विचारायचंय की हे खरं आहे का, आणि त्याच्या हातात काय आहे.

ही सगळी वाक्यं अर्धी खरी आहेत. म्हणूनच त्यांच्यापुढे घरातला शहाणा माणूसही गप्प बसतो. उरलेलं अर्धं खाली सांगतो.

आधी ‘बालिग’. आपल्याकडे बहुतेक लोक हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांची परंपरा मानणारे, म्हणून हनफी फिकहचंच (शरीअतच्या कायदेशास्त्राचंच) बोलू. मुलीला पाळी सुरू झाली की ती बालिग. ९ वर्षांच्या आत ते मानत नाहीत. कसलीच खूण दिसली नाही, तर १५ वर्षं पुरी झाल्यावर बालिग धरतात, आणि तीही चांद्र वर्षं, म्हणजे आपल्या कॅलेंडरने साधारण साडेचौदा. हे अबू हनीफांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांचं मत, आणि फतवा त्यावरच दिला जातो. खुद्द इमाम अबू हनीफा खूण नसेल तर मुलीसाठी १७ आणि मुलासाठी १८ सांगतात. पंधराचा आकडा आकाशातून पडलेला नाही, तोही इमामांच्या मतभेदातून निवडलेला आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता काझीसाहेबांच्या वाक्यातला न सांगितलेला भाग. हनफी फिकहमध्ये बापाला मुलीचा निकाह तिला न विचारता लावण्याचा जो अधिकार आहे, ज्याला विलायते-इजबार म्हणतात, तो फक्त नाबालिग मुलीवर चालतो. बालिग झाली त्या दिवशी तो संपतो. अबू हनीफांच्या मते तर बालिग, शहाण्या मुलीने वलीशिवाय (लग्न लावून देणाऱ्या पालकाशिवाय) स्वतः निकाह केला तरी तो होतो. जोड बरोबरीची नसेल किंवा मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) तिच्या घराण्याच्या रीतीपेक्षा कमी असेल, तरच वली हरकत घेऊ शकतो. शाफई, मालिकी आणि हंबली या बाकीच्या तीन सुन्नी परंपरांची मतं इथे वेगळी आहेत. तिथे वलीशिवाय निकाह नाही, आणि कुमारी मुलीच्या बाबतीत बापाचा शब्द जड आहे. आपल्याकडे चाऊस घराणी मूळची हद्रमौतची, शाफई परंपरेची, आणि अहले-हदीस (थेट हदीसवर चालणारी) मंडळीही वलीचा आग्रह धरतात, तेव्हा त्यांच्या घरात बोलणं जरा वेगळ्या वळणाने जातं. पण तुमचं घर हनफी असेल, तर ‘बालिग है’ म्हणणाऱ्याने त्याच दमात ‘म्हणून तिला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही’ हेही म्हणायला हवं. बालिगपणाचा आधार घ्यायचा आणि तिच्या होकाराला ‘बच्ची है, उसे क्या समझता’ म्हणायचं, या दोन गोष्टी एका तोंडी शोभत नाहीत.

बालिग होणं ही निकाहाची आज्ञाही नाही. कुरआनात सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांबद्दल सांगितलंय की ते निकाहाच्या वयाला येईपर्यंत त्यांना पारखत राहा, आणि त्यांच्यात ‘रुश्द’ म्हणजे समजूतदारपणा दिसला की त्यांची मालमत्ता त्यांच्या हवाली करा. दोन एकर रान हाती द्यायला शरीराची वाढ पुरत नाही, समज लागते. मग जन्माचा करार करायला का लागू नये, हा मुद्दा वय वाढवण्याच्या बाजूचे आलिम (धर्मपंडित) याच आयतीवरून मांडतात. समोरची बाजू सूरह तलाकची चौथी आयत पुढे करते. तिथे इद्दतीच्या (तलाकनंतर थांबायच्या मुदतीच्या) हिशेबात ‘ज्यांना पाळी आली नाही’ अशा स्त्रियांचा उल्लेख आहे आणि जुन्या बहुतेक फकीहांनी (फिकहच्या जाणकारांनी) त्यावरून नाबालिगचा निकाह होऊ शकतो असं काढलं. आजचे काही भाष्यकार तो उल्लेख आजारामुळे पाळी न येणाऱ्या स्त्रियांचा मानतात. जुन्यांचंही एकमत मात्र नव्हतं. दुसऱ्या हिजरी शतकातले कूफ्याचे काझी इब्न शुब्रुमा आणि अबू बक्र अल-असम्म यांनी नाबालिगच्या निकाहाला नकार दिला होता, आणि १९१७ मध्ये तुर्कांच्या उस्मानी (ऑटोमन) राज्याने कुटुंब कायदा केला तेव्हा याच मतांचा आधार घेऊन मुलाचं वय १८ आणि मुलीचं १७ ठरवलं.

चर्चा वाढली की कुणीतरी प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा (रजि.) यांच्या वयाची हदीस (प्रेषितांबद्दलची नोंद) काढतंच. बुखारी या हदीससंग्रहात सहाव्या वर्षी निकाह आणि नवव्या वर्षी रुखसत (सासरी पाठवणी) असं आलंय. परंपरेने ते जसंच्या तसं मानलं आहे. विसाव्या शतकात काहींनी थोरली बहीण हजरत अस्मा यांच्या वयावरून उलटा हिशेब मांडून ते वय १८-१९ पर्यंत नेलं, आणि हदीसच्या जाणकारांनी तो हिशेब कमकुवत रिवायतीवर (सांगोवांगी आलेल्या नोंदीवर) उभा आहे म्हणून खोडून काढला. माझं मत विचाराल तर लग्नघरात या वादात पडूच नका. दोन्हीकडची माणसं दुखावतात आणि पोरीचा विषय बाजूला पडतो. त्यापेक्षा अनेक मुस्लिम देशांच्या कायदेकर्त्यांनी धरलेली वाट कामाची आहे. लहान वयात निकाह फर्ज (सक्तीचा) नाही, सुन्नत म्हणूनही कुणी लादलेला नाही, फार तर मुबाह, म्हणजे केलं तर चालेल असा. आणि मुबाह गोष्टीवर लोकांच्या भल्यासाठी राज्यकर्ता मर्यादा घालू शकतो. इजिप्तने २००८ मध्ये १८ केलं, मोरोक्कोने २००४ मध्ये १८ केलं (न्यायाधीशाच्या परवानगीची पळवाट ठेवून, आणि ती भरपूर वापरलीही जाते), इंडोनेशियाने २०१९ मध्ये मुलीचं वय १६ वरून १९ वर नेलं. पाकिस्तानच्या फेडरल शरीअत कोर्टानेही २०२१ मध्ये सांगितलं की किमान वय ठरवणं इस्लामविरोधी नाही. नसाई या हदीससंग्रहात आलेली आणखी एक रिवायत इथे उपयोगी पडते: अबू बक्र आणि उमर (रजि.) यांनी प्रेषितांच्या कन्या हजरत फातिमा यांना मागणी घातली तेव्हा प्रेषितांनी (स.) ‘ती लहान आहे’ एवढंच उत्तर दिलं. वय बघून स्थळाला नाही म्हणणं सुन्नतच्या बाहेर नाही, हे वडिलांना यावरून सांगता येतं.

आता गप्प राहण्याचं. हदीस अशी की जिचं आधी लग्न झालेलं आहे तिचा स्वतःवर वलीपेक्षा जास्त हक्क, आणि कुमारीला विचारलं जाईल, तिचं मौन हीच तिची परवानगी. लोकांना शेवटचे चार शब्द पाठ असतात, ‘विचारलं जाईल’ हे गळतं. हनफी ग्रंथांत या मौनाला बऱ्याच अटी आहेत. विचारणारा स्वतः वली किंवा त्याने पाठवलेला माणूस हवा. जवळचा वली हयात असताना लांबच्याने विचारलं, किंवा परक्याने विचारलं, तर मौन चालत नाही, तोंडाने बोलावं लागतं. कुणाशी निकाह आहे ते तिला ओळख पटेल इतकं सांगितलेलं हवं. ‘एका चांगल्या पोराशी’ म्हणून विचारलं आणि ती गप्प राहिली, तर तो होकार नाही. हसली तर होकार, पण थट्टेने हसली तर नाही. नुसतं डोळ्यांत पाणी आलं तर माहेर सुटतंय म्हणून, पण आवाज काढून रडली तर तो नकार. घटस्फोटित किंवा विधवा असेल तर मौनाचा प्रश्नच येत नाही, तिला बोलावंच लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मौनाला होकार मानतात तो लाजेमुळे. जिने आधीच ‘मला शिकायचंय, आत्ता नको’ असं स्वच्छ सांगितलंय, तिच्या नंतरच्या गप्प बसण्याला लाज म्हणणं म्हणजे डोळ्यावर कातडं ओढणं. खन्सा बिन्त खिदाम यांनी बापाने मनाविरुद्ध लावलेला निकाह नको म्हणून तक्रार केली आणि प्रेषितांनी तो रद्द केला, हे बुखारीतच आहे. त्यांचं आधी लग्न झालेलं होतं. पण आपली पत वाढवायला पुतण्याशी निकाह लावून दिलेल्या मुलीचीही रिवायत नसाई आणि इब्न माजा या हदीससंग्रहांत आहे. तिला निर्णय सोपवला गेला, तेव्हा ती म्हणाली की बापाने केलं ते मी मान्य करते, पण बायकांना कळावं की बापांना यात हक्क नाही.

प्रत्यक्षात इजाजत, म्हणजे मुलीची परवानगी, कशी घेतली जाते ते पाहा. शादीखान्यात बाहेर जेवणाच्या पंगती उठताहेत, आतल्या खोलीत पोरगी घुंगटात, भोवती वीस बायका. वकील (कोर्टातला नव्हे, मुलीची परवानगी आणायला पाठवलेला माणूस) आणि दोन गवाह (साक्षीदार) रजिस्टर घेऊन येतात. वकील दारातूनच एका दमात म्हणतो, ‘फलाँ के लडके से इतने मेहर पर निकाह पढा दूँ, इजाजत है?’ पाठीमागून कुणी फुफी किंवा खाला म्हणते, ‘हाँ बोल बेटा, जल्दी बोल.’ कुणी तिचं डोकं हाताने हलवतं. अंगठा किंवा सही होते आणि वकील माघारी. सगळं मिळून अर्धं मिनिट. गवाहांना तिचा आवाज ऐकूच आलेला नसतो. हनफी मतानुसार इजाजतीला गवाह लागतही नाहीत, ते इजाब-कबूलला (प्रत्यक्ष निकाहाच्या प्रस्ताव आणि स्वीकाराला) लागतात. इजाजतीला दोघं पाठवण्याची रीत पडली ती उद्या वाद झाला तर पुरावा असावा म्हणून, आणि नेमका तोच पुरावा इथे पोकळ राहतो. कुठे कुठे तर सह्या आदल्या रात्रीच घेऊन ठेवतात. चांगला काझी बायकांना दोन मिनिटं बाहेर बसवतो, मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, मेहर किती आणि त्यातला रोख किती, हे एकेक करून सांगतो, आणि थांबतो. थांबण्यातच सगळं आहे.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. हनफी ग्रंथांत दबावाखाली तोंडाने दिलेली कबुलीसुद्धा निकाह लागू करते असं मत आहे, बाकीच्या बहुतेकांनी ते मानलेलं नाही. भारतातल्या कोर्टांत मात्र सज्ञान मुसलमान स्त्रीचा संमतीशिवायचा निकाह टिकत नाही. म्हणून ‘आत्ता हो म्हण, नंतर बघू’ असा सल्ला मुलीला कुणीही देऊ नये.

इथवर झाली शरीअतची बाजू. कायद्याची बाजू समजून घेताना एकच गाठ सोडवा: निकाह ‘झाला’ असणं आणि तो लावणं ‘गुन्हा’ असणं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ नुसार मुलगी १८ आणि मुलगा २१ च्या आत असेल तर तो बालविवाह. महाराष्ट्रात असा विवाह आपोआप रद्द ठरत नाही, जो लहान होता त्याच्या अर्जावर रद्द होतो (कर्नाटकाने दुरुस्ती करून तो मुळातच रद्द ठरवला आहे). पण १८ वरच्या नवऱ्याला २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. निकाह पढवणाऱ्यालाही तितकंच, आणि वय पुरं आहे असं मानायला आपल्याकडे सबळ कारण होतं हे काझीनेच दाखवायचं असतं. आईबाप, ठरवणारे, हजर राहणारे यांनाही कलम ११ आहे, फक्त स्त्रीला त्यात कैद होत नाही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

‘कोर्टने भी माना है’ म्हणतात ते पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाचे २०२२ चे निकाल. त्यात मुल्लांच्या मुस्लिम कायद्यावरच्या पुस्तकातलं कलम १९५ उद्धृत करून १६ वर्षांची मुलगी निकाह करू शकते असं म्हटलंय. पण त्या मुली स्वतःच्या मर्जीने निकाह केलेल्या होत्या आणि वाद घरच्यांशी होता. ज्या निकालात मुलीची मर्जी मोठी मानली, तो मर्जीविरुद्धच्या निकाहाला दाखवायचा, ही उलटी गंगा आहे. त्यातला एक निकाल दाखला म्हणून वापरू नका असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये बाल हक्क आयोगाची याचिका फेटाळली ती आयोगाला त्यात दाद मागण्याचा अधिकार नाही म्हणून. उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट म्हटलं की हा कायदा धर्म न बघता सगळ्यांना लागू. वैयक्तिक कायदा वरचढ की २००६ चा, यावर सर्वोच्च न्यायालयाचा अखेरचा शब्द अजून आलेला नाही, पण फौजदारी बाजूला त्याने फरक पडत नाही. पॉक्सो (लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण) कायद्यात १८ खालची प्रत्येक मुलगी बालक, लग्नाची सवलत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने १८ खालच्या बायकोशी शरीरसंबंध बलात्कारात आला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तेच वय लिहिलंय.

मराठवाड्यात प्रकरणं उघडी कशी पडतात? लग्नात सहसा कुणी तक्रार करत नाही. सहा-आठ महिन्यांनी पोरगी सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या नोंदणीला जाते, आधार आणि शाळेचा दाखला मागतात, वय १७ निघतं. पॉक्सोखाली कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. पोलीस येतात, नवरा आत. पोरगी नवव्या महिन्यात कोर्टाच्या चकरा मारते. ‘निकाह आत्ता, रुखसत अठरानंतर’ ही तोड अनेक घरं काढतात, तिनेही काम होत नाही, कारण २००६ च्या कायद्यात गुन्हा निकाह लावण्याचाच आहे.

(आणि हे मुसलमानांचंच दुखणं आहे असं कुणी म्हटलं तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे दाखवा. २० ते २४ वयाच्या स्त्रियांत १८ च्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के, बीडमध्ये ४३.७, परभणीत ४८. ऊसतोडीला जोडप्याचा कोयता लागतो, उचल जोडप्याला मिळते, पोरगी एकटी फडाच्या कोपीत किंवा गावात ठेवायची भीती, यात कुठला धर्म आलाय?)

आता तुमचं काम. बापाकडची माणसं असताना मामा फिकहनुसार वली नाही. बाप, आजोबा, भाऊ, चाचा यांच्या बरंच मागे तुमचा नंबर. पण वकील म्हणून रजिस्टर घेऊन आत पाठवायला मामालाच पुढे करतात. ते करू नका. तिथे सही केलीत तर कलम १० आणि ११ तुमच्याही दारात. उलट ‘मी वकील होणार नाही, गवाहही नाही’ हे मेहुण्यांना चारचौघांत सांगा. बैठकीत याचं वजन फार पडतं.

पहिल्यांदा शाळेच्या दाखल्याची किंवा दहावीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स हातात घ्या. वयाच्या पुराव्यात बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार शाळेची किंवा बोर्डाची जन्मतारीख पहिली, मग नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तेही नसलं तर हाडांची तपासणी. आधार यात नाही, आणि लग्नाआधी आधारवरची तारीख ‘दुरुस्त’ करून आणण्याचा उद्योग सर्रास चालतो. ती झेरॉक्स काझीसाहेबांना द्या, पोच म्हणून सही घ्या. पोच दिल्यावर ‘मला वय माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच थांबते.

नाही थांबली तर गावात ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात, शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. अंगणवाडीताईंना सांगितलं तरी पोचतं. १०९८ वर फोन केला तर नाव गुप्त राहतं. ते घरी येऊन हमीपत्र लिहून घेतात की १८ पर्यंत लग्न करणार नाही. हमीपत्राची खोड अशी की पंधरा दिवसांनी पोरीला बिदर, निजामाबाद किंवा पुण्याच्या नातेवाइकांकडे नेऊन गुपचूप निकाह उरकतात. तशी शंका असेल तर कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घ्यायला लावा. तातडीच्या वेळी तो समोरच्याला न ऐकताही अंतरिम मिळतो. अर्जात फक्त तारीख आणि शादीखाना लिहून भागवू नका, ‘कुठेही व कोणत्याही तारखेस’ असं लिहा, मुलाचा बाप आणि काझी दोघांची नावं घाला. मनाई हुकूम मोडून लावलेला विवाह कलम १४ नुसार मुळातच रद्द असतो, तो रद्द करून घ्यायला वेगळा अर्ज लागत नाही.

आणि निकाह लागूनच गेला तर? दोन दरवाजे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक, १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, कलम २(७). हा जुन्या खियारे-बुलूगचा, म्हणजे बालिग झाल्यावर निकाह नाकारण्याच्या हक्काचा, कायदेशीर अवतार. फिकहमध्ये बापाने लावलेला निकाह सहसा मुलीला मोडता येत नसे, या कायद्याने बापालाही त्यात ओढलं. पण अट अशी की निकाह १५ च्या आत झालेला हवा, १८ च्या आत तिने तो नाकारलेला हवा आणि संबंध आलेला नसावा. तुमची भाची १६ ची, तिला हा दरवाजा बंद. दुसरा, २००६ च्या कायद्याचं कलम ३. जिल्हा न्यायालयात, कुटुंब न्यायालय असेल तिथे त्यात, वयाची २० वर्षं पुरी होण्याआधी कधीही अर्ज करता येतो, आणि संबंध आला की नाही हे विचारात घेत नाहीत. ती स्वतः १८ च्या आत असेल तर अर्ज पालक किंवा जवळच्या माणसाने बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्यासोबत करायचा. तो जवळचा माणूस मामा होऊ शकतो. दोन्हीकडच्या दिलेल्या वस्तू परत करायला कोर्ट सांगतं. म्हणून निकाहाच्या वेळचा दहेज-दागिन्यांचा कागद, नसेल तर फोटो, आजच जपून ठेवा. कलम ४ खाली ती पुन्हा लग्न करेपर्यंत पोटगी आणि राहण्याची सोय मागता येते, मूल झालं असेल तर ते कायदेशीरच राहतं.

कोर्टाचा हुकूम आला तरी बिरादरीत ‘निकाह अभी बाकी है’ म्हणणारे भेटतात आणि दुसऱ्या स्थळाला अडचण येते. त्यासाठी हुकमाची नक्कल जवळच्या दारुल-कजात (शरीअतच्या निवाडा मंडळात) दाखवून फस्खचा (निकाह रद्द झाल्याचा), किंवा नवरा तयार असेल तर खुल्याचा (बायकोच्या मागणीवरून सोडचिठ्ठीचा) कागद सोबत करून घ्यावा. कायद्याला त्याची गरज नाही, पण पुढच्या निकाहाच्या वेळी रजिस्टर उघडून बसलेला काझी हाच कागद मागतो.